माझ्या आगाऊ सह्या

माझी सून डॉक्टर आहे. अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्यात काम करते आणि घरी आली की आधी कॉम्प्युटरला शिव्या घालते, मग चप्पल काढते. तिचं म्हणणं असं, की औषध लिहायला घेतलं रे घेतलं की पडद्यावर लाल चौकट उघडते. हे औषध त्या औषधाबरोबर चालत नाही, पेशंटचं वय जास्त आहे, किडनीचा रिपोर्ट पाहिला का, नसेल पाहिला तर का नाही, कारण लिहा. दिवसभरात इतक्या चौकटी उघडतात की ती आता वाचतच नाही. कारणाच्या जागी एखादं अक्षर दाबते आणि पुढे जाते. तिच्या बरोबरचे बहुतेक तसंच करतात म्हणे. एकजण तर कारणाच्या जागी रोज आपल्या कुत्र्याचं नाव लिहितो. "आता यंत्राने आम्हाला डॉक्टरकी शिकवायची," असं म्हणून ती माझ्याकडे बघते, कारण घरात दुसरा डॉक्टर मीच.

मी नुसती मान हलवतो. तिला काय सांगणार? मला ती चौकट पहिल्यांदा भेटली तेव्हा तिच्यामागे कॉम्प्युटर नव्हता. तिला पिकलेल्या मिशा होत्या, खाकी कोट होता, आणि सरकारी कागदोपत्री तिचा हुद्दा कंपाउंडर असा होता.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी पुण्याहून डॉक्टर होऊन नुकताच बाहेर पडलो होतो आणि मला खामगाव तालुक्यात, पिंपळगाव राजाच्या अलीकडच्या एका गावच्या दवाखान्यात नेमलं होतं. नांदुऱ्याला गाडीतून उतरलो तेव्हा माझ्याकडे एक वळकटी, एक ट्रंक भरून पुस्तकं आणि दोन ट्रंका भरतील एवढी अक्कल होती. ट्रंक एस्टीच्या टपावर चढवावी लागली. अक्कल मी मांडीवर घेऊन बसलो होतो.

दवाखाना दोन खोल्यांचा होता. पुढच्या खोलीत माझं टेबल, मागच्या खोलीत औषधं, आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीला एक खिडकी. पेशंट आला की आधी कंपाउंडरकडे जाई. तो केसपेपर करी, काय होतंय, आधी काय औषध घेतलं, घरी काय खाल्लं, कुठून आला, कुठे जाणार, सगळं विचारी. मग पेशंट माझ्यापुढे. मी तपासून औषध लिहीत असे आणि कागद खिडकीतून मागे जाई. इथवर ठीक होतं. पण कधी कधी तो कागद औषध न होता तसाच परत येई. त्याला टाचणीने एक चिठ्ठी टोचलेली असे आणि चिठ्ठीवर लाल शाईने, मोत्यासारख्या अक्षरात, काहीतरी शंका लिहिलेली असे.

ही पद्धत माझ्या आधीच्या डॉक्टरांनी पाडली होती. ते पंधरा वर्षं तिथे होते. शेवटी शेवटी त्यांना नीट दिसेना, तेव्हा त्यांनीच कंपाउंडरला सांगितलं होतं, की मी काही भलतंसलतं लिहिलं तर औषध देऊ नका, चिठ्ठी पाठवा. मी चिठ्ठीवर उत्तर लिहून सही केली की मगच द्या. डॉक्टर निवृत्त होऊन गेले. चिठ्ठ्या राहिल्या. मला मात्र उत्तम दिसत होतं, आणि नेमकी तीच माझी अडचण होती.

पहिल्याच दिवशी मला चार चिठ्ठ्या आल्या. "रुग्णास सल्फा दिला आहे. पाणी भरपूर पिण्यास सांगावे काय?" "हेच मिश्रण रुग्ण तीन आठवडे घेत आहे. गुण नाही." "बाई गरोदर असल्याचे सासू सांगते. बाई सांगत नाही. क्विनीन द्यावे काय?" चौथी मी वाचलीच नाही. माझे कान तापले होते. पाच वर्षं मी हाडं उगाळली होती, प्रेतं फाडली होती, परीक्षकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, ते काय मॅट्रिक झालेल्या माणसाने मला लाल शाईत प्रश्न विचारावेत म्हणून? गर्भ पडू शकेल असं क्विनीन मी गरोदर बाईला देणार होतो हे खरं. ते मी खोडलं. पण खोडतानासुद्धा असं खोडलं, की जणू ते मला आधीच सुचलं होतं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. कंपाउंडर बौद्ध होता. त्याच्या घराने थोड्या वर्षांपूर्वीच दीक्षा घेतली होती. गावातले काही लोक त्याच्या हातून बाटली घेताना ती आधी ओट्यावर ठेवायला लावत. मी असल्या लोकांना खडसावत असे. मी सुधारक होतो. रविवारी त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोच्या हातचा चहा पीत असे, आणि परत येताना मला मोठं कौतुक वाटे. तिचं नव्हे, माझंच. त्याचा चहा मला चालत होता. त्याची शंका चालत नव्हती. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे, हे समजायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात लोकांचं घर बांधून होतं.

चिठ्ठ्यांशी माझी पहिली लढाई जुलाबावरून झाली. गावात एक बडे जमीनदार होते. त्यांचं पोट आठ दिवस साफ नव्हतं. मी एरंडेलाचा भक्कम डोस लिहिला. चिठ्ठी आली: "रुग्ण उद्या सकाळच्या एस्टीने नांदुऱ्यास मुलीसाठी मुलगा पाहण्यास जात आहे." मी हसलो. औषधशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात एस्टीचं वेळापत्रक असतं? चिठ्ठीवर मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, "वैद्यकीयदृष्ट्या असंबद्ध," आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याच्या रस्त्यावर एस्टी तीन वेळा थांबली. पहिल्यांदा कंडक्टरने घंटी मारली, दुसऱ्यांदा ड्रायव्हरने आपणहून थांबवली आणि तिसऱ्यांदा सगळ्या उतारूंनी मिळून. सोयरीक जमली, पण मुलाकडच्यांनी जमीनदारांचा चेहरा बघून मुलीकडे काही दुखणं आहे का याची दोनदा चौकशी केली म्हणे. पुढे कितीतरी दिवस मी बाजारातून चाललो की कुणीतरी म्हणे, "सरका हो, एस्टी थांबवनारे डागदर येऊन राह्यले."

शहाण्या माणसाने यावरून काय धडा घेतला असता? चिठ्ठी वाचावी. मी काय घेतला? चिठ्ठीवर लांबलचक उत्तर लिहू नये, कारण कागद मागे राहतो. त्या दिवसापासून मी प्रत्येक चिठ्ठीवर एकच शब्द लिहू लागलो: "पाहिले." खाली सही. चिठ्ठी बरोबर असो, चूक असो, जुलाबाची असो की जिवावरची, उत्तर एकच. लिहिताना पेन उचलावंसुद्धा लागत नसे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही आसपासचे आठ-दहा डॉक्टर खामगावला एका जुन्या डॉक्टरांच्या घरी जमत असू. चिवडा, चहा आणि ज्याच्या त्याच्या पेशंटच्या गोष्टी. तिथे मी चिठ्ठ्यांचं गाऱ्हाणं मांडलं. मला वाटलं, सगळे माझ्या बाजूने उभे राहतील, आणि बरेचसे राहिलेही. एकजण म्हणाले, बदली करून टाका त्याची. दुसरे म्हणाले, माणूस गुणी आहे, पण डॉक्टरने पेशंटसमोर चिठ्ठी घेणं म्हणजे नवरदेवाने मांडवात बूट विचारून घालणं. ज्यांच्या घरी जमलो होतो त्या जुन्या डॉक्टरांना मात्र हेवा वाटला. त्यांचा कंपाउंडर ते लिहीत ते मुकाट्याने देई. एकदा त्यांनी चुकून दहापट लिहिलं, तर त्याने दहापट दिलं. "असा टोचणारा माणूस मला मिळाला असता तर मी दोन रात्री झोपलो असतो," असं ते म्हणाले आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागले.

खामगावात एक डॉक्टरीणबाई होत्या. बाळंतपणांत अख्खी हयात गेलेली, बोलणं तोडून टाकणारं. त्यांनी विचारलं, "दिवसाला किती चिठ्ठ्या येतात?"

"दहा-बारा. बाजारच्या दिवशी वीससुद्धा."

"त्यातल्या फुकट किती?"

"जवळजवळ सगळ्या."

"वाचता का सगळ्या?"

मी चहा पिऊ लागलो. त्या म्हणाल्या, "वाचत नाही, मग फुकट आहेत हे कसं कळलं? त्याला सांगा, साध्यासुध्या गोष्टी पेन्सिलीने लिहीत जा, जिवावरच्या तेवढ्या लाल शाईने. सगळंच लाल लिहिलं तर लाल दिसायचं बंद होतं." सगळे हसले. मीही हसलो. हा सल्ला चांगला आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. पण तो अमलात आणायचा तर कंपाउंडरसमोर बसून चिठ्ठ्यांविषयी बोलावं लागलं असतं, म्हणजे चिठ्ठ्या ही बोलण्यासारखी गोष्ट आहे हे मान्य करावं लागलं असतं. त्यापेक्षा मी माझी स्वतःची युक्ती काढली. ती युक्ती आठवली की अजूनही मी एकटा असलो तर मोठ्याने "मूर्खा" म्हणतो.

बाजारच्या दिवशी आसपासच्या गावांतून लोक येत, आणि बाजाराला आलोच आहोत तर दवाखाना करून जाऊ म्हणून सगळे माझ्याकडे वळत. त्या गर्दीत चिठ्ठ्या येत-जात राहिल्या की रांग तुंबे. म्हणून एका बाजारच्या सकाळी मी कंपाउंडरकडून कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मागून घेतला, पंचवीस चिठ्ठ्यांवर ओळीने "पाहिले" लिहिलं, पंचवीस सह्या ठोकल्या आणि गठ्ठा त्याच्या हातात ठेवला. "घ्या. आज तुमचाही वेळ वाचला, माझाही."

त्याने एक चिठ्ठी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली.

"हे मी लिवायच्या आंधीच पाह्यलं का साहेब तुमी?"

"तुम्ही काय लिहिणार ते मला माहीत असतं आता."

त्याने गठ्ठा कोटाच्या खिशात ठेवला आणि स्टोव्ह पेटवून सिरिंजा उकळायला ठेवल्या. माझ्या विनोदाला तो हसला नाही याचं मला वाईट वाटलं, एवढा मी निगरगट्ट होतो.

दुपारी बाराच्या सुमारास एक बाई आली. तिशीची असेल. नवरा तिला बैलगाडीतून घेऊन आला होता. शेतात कापसाची पऱ्हाटी उपटून झाल्यावर राहिलेला एक खुंट तिच्या तळपायात घुसला होता. त्याला पाच-सहा दिवस झाले होते. पाय सुजून घट्ट झाला होता, लाली पोटरीपर्यंत चढली होती आणि अंगात सणकून ताप होता. पेनिसिलीन द्यायलाच हवं होतं. मी विचारलं, "याआधी कधी सुई घेतलीय का?"

"हाव. मांगच्या साली, मायेरी. मले सुई लागते, साहेब."

आता इथे मला माझ्या वहीविषयी सांगायला हवं. मला वऱ्हाडी बोलीची हौस होती. मी एक वही केली होती. त्यात काऊन, मले, तुले, जाऊन राह्यलो असे शंभरेक शब्द अर्थासकट उतरवले होते आणि पुण्याच्या मित्रांना पत्रातून त्यांचे नमुने पाठवत असे. मित्र वाचून लोळत. त्या वहीत "लागणे" हा शब्द नव्हता. का नव्हता? कारण तो मला येत होता. मला सकाळी चहा लागतो. जेवणाला लोणचं लागतं. तशी या बाईला सुई लागते. गावात सुईचं वेड होतंच. गोळ्या दिल्या की लोक हिरमुसत, सुई टोचली की डॉक्टर चांगला. मी मनात म्हटलं, ही आणखी एक. आणि तिला म्हणालो, "लागते ना? मग मिळेल."

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या पेशंटकडे पाहिलं.

पेनिसिलीन देण्याआधी थेंबभर औषध कातडीत टोचून वाट बघायची असते. हे मला माहीत होतं. त्या चाचणीवर परीक्षेत मी दीड पान लिहिलं होतं. पण बाहेर रांग दारापासून लिंबाच्या झाडापर्यंत गेली होती. मी कागदावर पेनिसिलीन लिहिलं आणि खिडकीतून सरकवला.

थोड्या वेळाने कंपाउंडर खिडकीतून नाही, दारातून आला. हातात केसपेपर, त्याला टोचलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर खाली माझं सकाळचं "पाहिले" आणि सही होती, आणि वर ताजी लाल शाई.

"साहेब, एवढी चिठ्ठी वाचा."

"सही आहे ना तिच्यावर?"

"सही हाये. वाचा एकडाव."

रांगेतला कुणीतरी फिसकन हसला. मला वाटलं, मलाच हसला. मी एका म्हाताऱ्याचा जबडा उघडून आत बघत होतो. मान न वळवता म्हणालो, "सकाळीच वाचल्यात मी सगळ्या."

"तिले सुई लागते, साहेब."

"अहो, लागते म्हणूनच देतोय ना!"

तो चकितच झाला. केसपेपर त्याने चिठ्ठीसकट माझ्या टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "मंग तुमी टोचा. माह्यानं नाई होत." एरवी सुया तोच टोची. मला झणझणून राग आला. रांगेदेखत, गावादेखत माझा कंपाउंडर मला नाही म्हणत होता. मी उठलो, मागच्या खोलीत गेलो, बाटलीत पाणी घालून औषध हलवलं, सिरिंज भरली आणि पुढे येऊन बाईच्या दंडात टोचली. तिने पदर बाजूला घेऊन दंड स्वतः पुढे केला होता. सुई काढून मी कापूस दाबला आणि त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर काय भाव होता ते मला माहीत आहे. विजयाचा होता.

आपल्या जागी येऊन बसतोय तोच नवरा ओरडला. बाई बाकावरून घसरली होती. तिच्या मानेवर, हातांवर लाल गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी नाडी धरली. हाताला लागेना. पुण्यात मी हे पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मला काय करायचं हे ठाऊक होतं, ते करायला लागणारं औषध कुठल्या कपाटात आहे ते ठाऊक नव्हतं. मी मागच्या खोलीकडे नुसताच हात केला. आणि माझ्या उघड्या तळहातावर कुणीतरी एक भरलेली सिरिंज ठेवली.

"ॲड्रिनॅलिन हाये. अर्धा सीसी," कंपाउंडर म्हणाला.

मी ती टोचली. त्याने बाईला सपाट झोपवलं, पायांखाली औषधांचं खोकं सरकवलं, नवऱ्याला पुढे बसवून तिचं तोंड एका बाजूला धरायला लावलं. काही मिनिटांनी त्याने दुसरी सिरिंज पुढे केली. तीही भरून ठेवलेली होती. मी टोचली. लिंबापर्यंतची रांग मोडून दारात गोळा झाली होती. मी आयुष्यात देवाला असं कधी मागितलं नव्हतं. मी सुधारक होतो ना. त्या वेळी मात्र मनात एकच चाललं होतं, की हिला जगू दे, वाटेल तर मला पुन्हा पहिल्या वर्गात बसव.

हळूहळू शिट्टी कमी झाली. नाडी हाताला लागली, आधी दोऱ्यासारखी, मग जराशी जाड. पाऊण तासाने बाईने डोळे उघडून पाणी मागितलं.

दारातली माणसं एकदम बोलू लागली, आणि जे बोलू लागली ते ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. डागदरनं बाई यमाच्या दारातून वापस आनली. मेली होती, सुई मारली न् उठून बसली. पुन्याचा डागदर हाये, मजाक नाई. नवऱ्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी त्याला उठवलं. कंपाउंडर मागे सिरिंजा धूत होता.

गर्दी पांगल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. विचारायचं होतं एक आणि विचारलं दुसरंच. म्हणालो, "तुम्हाला एवढं ठाऊक होतं तर ओरडला का नाहीत?"

"मी सांगतलं नं साहेब. तिले सुई लागते म्हनून."

"लागते म्हणजे?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पाणी म्हणजे काय असं विचारलंय. "ऊन लागते, पानी लागते, तशी सुई लागते. मांगच्या साली मायेरी सुई घेतली तं अंगावर गांधी उठल्या, जीव कोंडला. थेच लिवलं होतं मी. तुमी म्हनलं, लागते म्हनूनच देतो. मले वाटलं, असन काई नवीन पुस्तकातलं. थोडं थोडं देऊन जिरवत असतीन. पन मन मानेना, म्हनून दुसरी सुई भरून ठेवली."

मग त्याने कोटाच्या खिशातून उरलेल्या सह्यांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "ह्या तुमच्याजौळ राहू द्या. माह्या कामाच्या नाईत."

त्या चिठ्ठ्या मी स्टोव्हवर जाळल्या. केसपेपरला टोचलेली मात्र काढून वाचली. "रुग्णास मागील वर्षी पेनिसिलीनने अंगावर गांधी, घसा बंद, बेशुद्धी. पेनिसिलीन देऊ नये." खाली माझ्या हस्ताक्षरात "पाहिले" आणि माझी सही. शंभर शब्दांच्या वहीचा मालक मी, आणि जी बोली पुण्याच्या मित्रांना हसवायला वापरत होतो तिच्यातला एक साधा, घरचाच शब्द मला कळला नव्हता. इतके दिवस जो तो मला "सुई पाह्यजे" म्हणत आला होता. ही एकटीच "लागते" म्हणाली, हे माझ्या कानाला जाणवलंसुद्धा नव्हतं.

पुढचे आठ दिवस मी गावचा देव होतो. आणि मी गप्प बसलो. हे सांगताना लाज वाटते, पण खरं आहे ते आहे. एस्टी थांबवणारा डॉक्टर हे नाव पुसलं गेलं होतं, आणि नवं नाव गोड लागत होतं. कंपाउंडरसमोर मात्र मी बसलो. डॉक्टरीणबाईंचा सल्ला माझा म्हणून न सांगता त्यांचाच म्हणून सांगितला. साधं ते पेन्सिलीने, जिवावरचं लाल शाईने. आणि लाल चिठ्ठी आली की मी ती मोठ्याने वाचायची आणि तिचा अर्थ माझ्या शब्दांत त्याला सांगायचा, मगच सही. हे शेवटचं त्याने घातलं. मला जरा झोंबलं, पण मान्य केलं.

बाईच्या पायाला दुसऱ्या औषधाने उतार पडत होता. आठव्या दिवशी ती मलमपट्टीला आली. नवरा गाडी सोडायला झाडाखाली थांबला होता. मी पट्टी बांधता बांधता, तिच्या पायाकडेच बघत म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी तुम्हाला वाचवलं असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. ती सुई मी द्यायलाच नको होती. तुम्ही मला सांगितलं होतं, ते मला समजलं नाही. कंपाउंडरने लिहून दिलं, ते मी वाचलं नाही. तुम्ही वाचलात त्या त्यांच्यामुळे."

मला वाटलं, ती रडेल, नाहीतर नवऱ्याला हाक मारील. तिने पाय जरासा हलवून पाहिला.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "पन तुमी म्हनलं, लागते म्हनूनच देतो. मी म्हनलं, शिकेल मानूस हाये, याले मालूम असन. म्हनून मी हात पुढं केला."

मला पट्टीची गाठ बसेना. कंपाउंडरने एका जाड कागदावर लाल शाईने लिहून ठेवलं होतं, या बाईस पेनिसिलीन देऊ नये, दिल्यास जिवास धोका. त्याखाली मी सही केली, या खेपेला वाचून. तो कागद तिच्या हातात दिला आणि म्हणालो, हा जपून ठेवा, कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी दाखवा.

तिला वाचता येत नव्हतं. तिने तो कागद उलटासुलटा केला, लाल अक्षरांवरून बोट फिरवलं.

"लिवलं तं हाये, साहेब. पन थो डागदर थे वाचन का?"

मी सांगितलं, आधी तोंडाने सांगा, कशा गांधी उठल्या, कसा जीव कोंडला, सगळं सांगा. मग कागद द्या. आणि तो डॉक्टर तुमच्यादेखत कागद मोठ्याने वाचत नाही तोवर, तो कितीही शिकलेला असला, तरी दंड पुढे करू नका.